कॉम्बी बॉयलर आणि छपरावरचे ऊन : जोडणी करावी का?

पत्राचा सारांश : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. घर १९३० च्या दशकातले, तीन शयनगृहांचे, एका भिंतीने शेजारच्या घराला जोडलेले आहे. आम्ही दोघे आणि दोन मुले असतो, आणि दरवर्षी मे ते सप्टेंबर सासू-सासरे कोल्हापूरहून येऊन राहतात. त्यांच्यामुळे गरम पाण्याचा खर्च किती वाढेल, ही काळजी आहे. रेडिएटर आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणारा, गॅसवर चालणारा कॉम्बी बॉयलर बारा वर्षांचा आहे. पाण्याची टाकी नाही. छपराचा एक उतार दक्षिणेकडे आहे. सौर पॅनेल बसवणाऱ्या एका विक्रेत्याने घरी येऊन सुचवले की दहा पॅनेल, २१० लिटरची टाकी आणि उरलेली वीज पाणी तापवण्याकडे वळवणारा डायव्हर्टर बसवून हे सारे बॉयलरला जोडले, तर गरम पाणी आणि घराची ऊब दोन्ही ‘जवळजवळ फुकट’ मिळतील. महिनाअखेरीपर्यंत सही केल्यास सवलत आहे. कोल्हापूरच्या गच्चीवर सोलर बसवल्यापासून गीझर क्वचितच लावावा लागतो, म्हणून सासऱ्यांचाही आग्रह आहे. लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या माझ्या भावाच्या घरी आधीच्या मालकाने पाणी तापवणारे सोलर, टाकी आणि बॉयलर असे सगळे बसवलेले आहे, तरी गॅसचे बिल उतरत नाही. आम्ही काय करावे, आणि भावाने काय करावे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासाठी उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. पॅनेल जरूर बसवा. टाकी आणि डायव्हर्टर मात्र आज घेऊ नका. पॅनेलांनी वीज तयार करावी, बॉयलरने आपले काम करावे, आणि दोघांना एकत्र जोडण्याचा विचार हा बॉयलर बदलायची वेळ येईल तेव्हा करावा. भावाचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्याकडे जोडणी आधीच झालेली आहे आणि बहुधा ती चुकीच्या वेळापत्रकावर चालते आहे.

सासऱ्यांचा अनुभव खरा आहे, पण तो कोल्हापूरचा आहे. तिथे डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असतो. लेस्टरला त्याच दिवशी तो जेमतेम १४ अंशांवर येतो आणि दिवस आठ तासांहूनही लहान असतो. शिवाय कोल्हापूरच्या घराला ऊब द्यावी लागत नाही, फक्त अंघोळीचे पाणी तापवावे लागते. इंग्लंडमध्ये गॅसचा सर्वांत मोठा वाटा रेडिएटरांवर खर्च होतो. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. कोल्हापूरच्या गच्चीवरचे सोलर उन्हाने थेट पाणी तापवते. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, त्याला पंपही लागत नाही. तुम्हाला सुचवलेली पॅनेल वीज तयार करणारी आहेत. ही दोन उपकरणे छपरावर सारखी दिसली, तरी त्यांचे हिशेब वेगळे आहेत, आणि विक्रेत्याच्या ‘जवळजवळ फुकट’ या शब्दांत ते एकमेकांत मिसळले गेले आहेत.

आता आकडे पाहू. प्रत्येकी सुमारे ४३० वॉटची दहा पॅनेल म्हणजे ४.३ किलोवॉट. मध्य इंग्लंडात दक्षिणेकडच्या उतारावर, सावली नसेल तर, ती वर्षाला साधारण ३,८०० युनिट वीज देतील (युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास; पुढे उष्णता आणि गॅसही याच मापात मोजले आहेत). परंतु ती वर्षभर सारखी येत नाही. डिसेंबरचे उत्पादन जूनच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकेच असते, म्हणजे दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास. त्याच डिसेंबरात तुमच्यासारख्या घराला उबदार ठेवण्यासाठी दिवसाला पन्नासेक युनिटांची उष्णता लागते, आणि चार युनिटांपैकीही निम्मीअधिक फ्रिज, स्वयंपाक आणि दिव्यांतच संपते. जेव्हा ऊब हवी तेव्हा ऊन नसते आणि जेव्हा ऊन असते तेव्हा रेडिएटर बंद असतात, ही अडचण कोणत्याही जोडणीने सुटत नाही. उन्हाळ्यातली वीज हिवाळ्यापर्यंत साठवेल अशी घरगुती बॅटरीही नाही. घरात बसणारी बॅटरी दुपारचे ऊन रात्रीपर्यंत नेते, इतकेच.

म्हणून घराच्या हीटिंगचा प्रश्न बाजूला ठेवून उरतो तो गरम पाण्याचा. चार माणसांना रोज सुमारे १५० लिटर गरम पाणी लागते असे धरले, तर त्याला साधारण ७ युनिट उष्णता लागते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात तुमची पॅनेल एवढे सहज देऊ शकतील, सासू-सासरे असतानाही. येथे विक्रेत्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पैशाच्या दृष्टीने ते बरोबर आहे का, हा प्रश्न त्याने तुम्हाला विचारू दिलेला दिसत नाही.

कॉम्बी बॉयलर पाणी साठवत नाही. नळ उघडला की २४ ते ३० किलोवॉटच्या ज्योतीने ते वाहताना तापवतो. त्याला वीज लागते ती पंख्यापुरती, पंपापुरती आणि नियंत्रणापुरती, म्हणजे शे-दीडशे वॉट. पॅनेलांची वीज थेट त्याच्या कामात घालायला जागाच नाही. म्हणूनच विक्रेत्याला २१० लिटरची टाकी सुचवावी लागली. त्या टाकीत ३ किलोवॉटचा इमर्शन हीटर, म्हणजे पाण्यात बुडवलेला विजेचा हीटर, असेल आणि घरात वापरून उरलेली वीज ग्रिडला न देता डायव्हर्टर त्या हीटरकडे वळवेल. आता ब्रिटनमधल्या दरांकडे पाहा. नियामक ठरवतो त्या, दर तिमाहीला बदलणाऱ्या दरमर्यादेनुसार अलीकडे गॅसचे युनिट ६ पेन्सच्या आसपास आणि विजेचे २५ पेन्सच्या आसपास राहिले आहे. बॉयलरची कार्यक्षमता धरून, वळवलेल्या एका युनिटने जो गॅस वाचतो त्याची किंमत ७ ते ८ पेन्स होते. तेच युनिट ग्रिडला विकले, तर चांगल्या पुरवठादाराकडून १२ ते १५ पेन्स मिळू शकतात. उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत रोज ७ युनिट पाण्यात घातली, तर सुमारे १,२६० युनिट होतात; त्यातून ९० ते १०० पौंडांचा गॅस वाचेल, आणि १२ पेन्सने विकली असती तर दीडशे पौंड हातात आले असते. यात टाकीची किंमत धरलेली नाही, तिने अडवलेले कपाट धरलेले नाही, आणि चांगले आवरण असलेली टाकीसुद्धा दिवसाला दीडेक युनिट उष्णता गमावते तेही धरलेले नाही.

यावरून नियम असा निघतो की, विकलेल्या युनिटाचा दर ८ पेन्सपेक्षा जास्त मिळत असेल, तर गॅस बॉयलर असलेल्या घराने वीज विकावी आणि गॅसवर पाणी तापवावे. हे ऐकून तुमच्या मनाला खटकेल, आणि ते खटकणे योग्यच आहे, कारण आपण कर्बवायू कमी करण्यासाठी हे सारे करतो. पण तुमचे ग्रिडला गेलेले युनिट वाया जात नाही. ते शेजारपाजारच्या घरांत वापरले जाते आणि तेवढी वीज दुसरीकडे कमी तयार करावी लागते, बहुतेक वेळा ती गॅसवरच्या केंद्रातली असते. अशा केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण दोन युनिट गॅस जळतो, तर तुमच्या बॉयलरात त्याच एका युनिट उष्णतेसाठी सव्वा युनिट पुरतो. त्यामुळे येथे खिशाचे आणि हवेचे हित सहसा एकाच बाजूला आहे. विक्रीचा दर ४-५ पेन्सच मिळत असेल, तर आधी पुरवठादार बदला. ग्रिडला दिलेल्या विजेचे पैसे मिळवून देणारी स्मार्ट एक्स्पोर्ट गॅरंटी ही योजना जानेवारी २०२० पासून लागू आहे. मोठ्या पुरवठादारांना अशा विजेला काही ना काही दर देणे बंधनकारक आहे, आणि वीज ज्याच्याकडून घेता त्यालाच ती विकली पाहिजे असे नाही. त्यासाठी स्मार्ट मीटर आणि एमसीएस प्रमाणपत्र, म्हणजे पॅनेल आणि ती बसवण्याचे काम दर्जाचे असल्याचा दाखला, लागते.

नुसत्या पॅनेलांचा हिशेब मात्र चांगला आहे. एक-तृतीयांश वीज घरात वापरली आणि बाकीची १२ पेन्सने विकली, असे सावधपणे धरले तरी वर्षाला सहाशे पौंडांच्या आसपास फायदा दिसतो. सासू-सासरे दिवसा घरी असतात त्या महिन्यांत कपडे धुण्याचे यंत्र, कुकर, इस्त्री दुपारी चालवता येतील आणि हा वाटा वाढेल. घरगुती पॅनेलांवर ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे, तेव्हा महिनाअखेरीच्या सवलतीपेक्षा ही तारीख ध्यानात ठेवा. एक गोष्ट सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा : वीज गेली की साधी पॅनेलही सुरक्षेच्या नियमानुसार बंद पडतात, आणि बॉयलरही. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात घरोघरी बसलेल्या इन्व्हर्टरसारखी ही व्यवस्था नाही. तशी हवी असेल तर त्या सोयीची बॅटरी वेगळी मागावी लागते.

गॅसचे बिल खाली आणायचे असेल, तर तुमच्या बॉयलरमध्ये आज एका पैशाचाही खर्च न करता करण्याजोगे काम आहे, आणि मला ते पॅनेलांइतकेच महत्त्वाचे वाटते. इंग्लंडमध्ये २००५ नंतर बसलेले जवळजवळ सर्व गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे आहेत, म्हणजे धुरातली वाफ थंड करून तिच्यातली उष्णताही ते परत मिळवतात. पण ही वाफ पाणी होण्यासाठी रेडिएटरांतून परत येणारे पाणी ५५ अंशांच्या खाली असावे लागते. बहुतेक घरांत रेडिएटरांकडे जाणारे पाणी ७५-८० अंशांवर ठेवलेले असते, परत येणारे पाणी ६० च्या वर राहते, आणि ज्या गुणासाठी तो बॉयलर घेतला तो वापरातच येत नाही. बॉयलरवरची रेडिएटरची कळ ६० वर, आणि घर पुरेसे तापत असेल तर ५५ वर आणा. खोल्या हळू तापतील, म्हणून हीटिंग अर्धा-पाऊण तास आधी सुरू करावे लागेल. नळाच्या पाण्याची कळ वेगळी असते. ती ५० च्या आसपास ठेवली की गरम पाण्यात पुन्हा गार पाणी मिसळत बसावे लागत नाही. नळ उघडताच गरम पाणी यावे म्हणून थोडे पाणी तापवून ठेवणारी ‘प्रीहीट’ची सोय चालू असेल, तर बॉयलर दिवसभर अधूनमधून उगाच पेटतो, ती बंद करा. माळ्यावरचे उष्णता अडवणारे आवरण २७० मिलिमीटर जाड आहे का तेही पाहून घ्या, कारण १९३० च्या दशकातल्या घरांत ते अनेकदा निम्मेच असते.

जाता जाता, बादलीने अंघोळ करण्याची आपली सवय या बाबतीत फार किफायतशीर आहे. एक बादली म्हणजे वीसेक लिटर. दहा मिनिटांच्या शॉवरला नव्वद लिटर सहज लागतात. सासू-सासऱ्यांमुळे गरम पाण्याचा खर्च किती वाढेल याची काळजी तुम्ही पत्रात केली आहे. बादली वापरत असतील, तर ती काळजी सोडून द्या. मुलांच्या शॉवरकडे मात्र लक्ष द्या.

बॉयलर बारा वर्षांचा आहे, म्हणजे आणखी काही वर्षांत तो बदलावा लागेल, आणि टाकीचा विचार करण्याची खरी वेळ ती आहे. त्या वेळी बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र, घ्यायचा ठरवलात, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड योजनेतून ७,५०० पौंडांचे अनुदान आहे, आणि हीट पंपाला टाकी लागतेच. हीट पंप एका युनिट विजेतून सुमारे तीन युनिट उष्णता देतो, त्यामुळे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमच्याच पॅनेलांच्या विजेवर घर आणि पाणी दोन्ही बऱ्याच अंशी तापेल. डिसेंबर-जानेवारीत वीज ग्रिडकडूनच घ्यावी लागेल. आज घाईने घेतलेल्या टाकीतले पाणी तापवणाऱ्या नळीचे वेटोळे हीट पंपासाठी सहसा लहान पडते, म्हणून ती पुन्हा बदलावी लागण्याचा धोका आहे. तोपर्यंत रेडिएटर ५५ अंशांवर घर तापवू शकतात की नाही, हे तुम्ही मी वर सुचवलेल्या बॉयलरच्या कळीच्या प्रयोगातून दोन हिवाळ्यांत स्वतः पाहिलेले असेल, आणि हीट पंप तुमच्या घराला झेपेल का याचे त्याहून भरवशाचे उत्तर कोणता विक्रेता देणार नाही.

आता भावाबद्दल. त्यांच्याकडे उन्हाने पाणी तापवणारे पॅनेल, टाकी आणि बॉयलर हे तिन्ही आहे, आणि बिल उतरत नाही. असे होणे मुळीच दुर्मीळ नाही. ब्रिटनमधल्या एनर्जी सेव्हिंग ट्रस्टने २०११ मध्ये अशा घरांची प्रत्यक्ष पाहणी प्रसिद्ध केली होती. नीट बसवलेल्या आणि नीट वापरलेल्या संचांकडून वर्षाच्या गरम पाण्यापैकी सुमारे ६० टक्के मिळत होते, पण सर्व घरे चढत्या क्रमाने लावली तर मधोमध येणाऱ्या घराचा आकडा ३९ टक्के होता आणि काही घरांत तर तो १० टक्क्यांच्याही खाली होता. छप्पर आणि उपकरणे सारखीच असताना हा फरक पडतो, तेव्हा दोष बहुधा वापराच्या वेळापत्रकात असतो.

त्यांच्या टाकीत दोन वेटोळी असावीत : खालचे सूर्यासाठी, वरचे बॉयलरसाठी. छपरावरचा संवेदक टाकीच्या तळाच्या पाण्यापेक्षा सहा-आठ अंश अधिक ऊब दाखवतो, तेव्हा नियंत्रक पंप सुरू करतो आणि उन्हाची उष्णता खाली उतरते. म्हणजे टाकीच्या तळाशी गार पाणी असणे ही सूर्याची पहिली अट आहे. आता नेहमीचे घर डोळ्यांसमोर आणा. बॉयलर पहाटे साडेपाचला पाणी तापवतो, सातपर्यंत सर्वांच्या अंघोळी होतात, आणि बॉयलर पुन्हा पेटून आठपर्यंत टाकी भरून ठेवतो. अकरा वाजता ऊन छपरावर येते तेव्हा त्याच्यासाठी कामच उरलेले नसते. शेतात पाटाचे पाणी येण्याआधीच विहिरीवरून भरून ठेवलेल्या वाफ्यासारखी ही स्थिती आहे.

उपाय सोपा आहे. एप्रिल ते सप्टेंबर बॉयलरची पाण्याची सकाळची वेळ काढून टाकावी आणि ती संध्याकाळी पाच-साडेपाचला ठेवावी. तोवर उन्हाने जे द्यायचे ते दिलेले असते. कमी पडले तर बॉयलर वरचा अर्धा भाग तेवढा पुरा करतो, आणि सकाळच्या अंघोळी आदल्या दिवशीच्या पाण्यावर होतात. चांगल्या आवरणाची टाकी रात्रभरात फार थंड होत नाही. ती जुनी तांब्याची आणि उघडी असेल, तर जाड जाकीट घालावे आणि पहिल्या मीटरभर नळ्यांवरही आवरण घालावे. बॉयलरचा टाकीवरचा थर्मोस्टॅट वरच्या भागाला बसवलेला आहे ना, तेही पाहावे. तो तळाशी असेल, तर बॉयलर सूर्याची जागासुद्धा तापवत बसतो. हिवाळ्यात सकाळची वेळ परत लावावी.

मात्र दोन खबरदाऱ्या सोडता येणार नाहीत. कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, म्हणून उन्हाने पाणी ४०-४५ अंशांपर्यंतच तापले असेल अशा आठवड्यांत संपूर्ण टाकी आठवड्यातून एकदा तरी ६० अंशांवर तासभर नेली पाहिजे. आणि जूनमध्ये पाणी ७०-८० अंशांपर्यंतही जाऊ शकते. त्या पाण्याने लहान मुलाची किंवा वृद्धाची कातडी क्षणात भाजते. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर गरम-गार पाणी आपोआप मिसळणारी झडप असली पाहिजे. ती नसेल, तर वेळापत्रकाआधी तिचे काम करून घ्या.

शाळेच्या सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये, तुमचा भाऊ सहकुटुंब भारतात जात असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. पाणी वापरणारे कोणी नसते आणि ऊन मात्र भरपूर असते. टाकी तापून भरते, पंप थांबतो आणि छपरावरच्या नळ्यांतले न गोठणारे द्रव उकळू लागते. दरवर्षी असे झाले की ते द्रव खराब होते, घट्ट होते आणि पुढे उष्णता वाहून नेत नाही. नियंत्रकावर सुट्टीची सोय असते. ती लावली की रात्री पंप चालवून टाकी थोडी थंड केली जाते. द्रवाची आणि दाबाची तपासणी शेवटची कधी झाली, हे आधीच्या मालकाच्या कागदांत सापडत नसेल, तर या वर्षी ती करून घ्यावी. बिल न उतरण्याचे दुसरे संभाव्य कारण तेच आहे : दाब पडलेला असेल, तर पंपाचा आवाज येत राहतो आणि खाली उष्णता येत नाही. भर दुपारी टाकीकडे येणाऱ्या आणि छपराकडे परत जाणाऱ्या अशा दोन नळ्यांना हात अलगद लावून पाहिला, तर येणारी स्पष्टपणे अधिक गरम लागली पाहिजे.

शेवटी तुमच्या सहीबद्दल. विक्रेत्याकडून नुसत्या पॅनेलांचा आणि त्यांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरचा दर वेगळा लेखी मागा, आणि आणखी दोन ठिकाणचे दर घ्या. तिन्ही ठिकाणी महिनावार उत्पादनाचा अंदाज मागा. वार्षिक आकड्यात डिसेंबर लपतो. इन्व्हर्टर ३.६८ किलोवॉटपर्यंतचा असेल, तर वीजवाहिनी कंपनीला बसवल्यानंतर २८ दिवसांत कळवणे पुरते. त्याहून मोठ्याला आधी परवानगी लागते, आणि हे काम कोण करणार ते दरपत्रकात लिहिलेले असावे. बॉयलरला हात लावायचा असेल, तर तो फक्त गॅस सेफ या गॅसकामाच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या कारागिरानेच लावला पाहिजे. घरी येऊन करून घेतलेल्या करारातून सहीनंतर १४ दिवसांत बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. करारावर ती मुदत आणि रद्द करण्याची रीत छापलेली नसेल, तर सही करू नका. आणि ‘आजच काम सुरू करा’ अशी वेगळी संमती कोणी मागितली, तर ती देऊ नका, कारण त्या १४ दिवसांत झालेल्या कामाचे पैसे मग द्यावे लागतात.